चावी फिरवण्याआधी: गोठ्यामागचा जुना ट्रॅक्टर पुन्हा चालू करण्याची रीत

सासवडच्या पुढे आमच्या वस्तीवर आजोबांचा बी-२७५ ट्रॅक्टर गोठ्यामागे पंचवीसेक वर्षं उभा होता. अंजिराच्या पाट्या, फाटकी ताडपत्री, खुडूक कोंबड्या, सगळ्यांनी त्याच्यावर संसार थाटलेला. तो चालू करायचं ठरलं त्या रविवारी चुलत्यांनी आपल्या ट्रॅक्टरला दोर बांधला, मी स्टिअरिंगवर बसलो, तिसरा टाकला आणि क्लच सोडला. इंजिन दोन-तीन फेरे फिरलं आणि आतून कडकन आवाज आला. टॅपेट कव्हर, म्हणजे व्हॉल्व्हवरचं झाकण, उघडलं तर दोन पुशरॉड, व्हॉल्व्ह ढकलणारे दांडे, धनुष्यासारखे वाकलेले. व्हॉल्व्ह गंजून गाइडमध्ये घट्ट बसले होते आणि आम्ही वरून जोर लावत होतो. पंचवीस वर्षांच्या पावसाने जे केलं नव्हतं ते आम्ही शंभर फुटांत केलं.

पुण्यातून दर शनिवार-रविवार दिवेघाट चढून जात हे काम मी सात महिन्यांत पुरं केलं. वाया गेलेले दोन महिने सोडले तर ते पाचच महिन्यांचं आहे. खालची सगळी रीत त्या दोन महिन्यांतून शिकलेली.

आधी ओळख पटवा

पान्हा हातात घेण्याआधी मोबाइलवर पन्नासएक फोटो काढा. वायर कुठून कुठे जाते, कुठल्या नळीला कुठली क्लिप आहे, मागे अवजार जोडायच्या लिंकेजच्या कुठल्या भोकात पिन आहे. मग कापडाने पुसत इंजिन नंबर आणि चेसिस नंबर शोधा. वायर ब्रश मारू नका, जुन्या पट्ट्यांवरची अक्षरं उथळ असतात, लगेच उडतात. रॉकेलात भिजवलेली चिंधी पुरते.

ओळखीला इतकं महत्त्व का, तर सुटे भाग नावावर मिळत नाहीत, इंजिनावर मिळतात. इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया १९६३ मध्ये महिंद्र, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून काढली. मुंबईत कांदिवलीला तिचा बी-२७५ बनू लागला. मूळ नमुना इंग्लंडमधला. चार सिलिंडर, १४४ घनइंच म्हणजे साधारण २,३६० सीसी, ३५ हॉर्सपॉवर, आणि थंडीत सुरू व्हायला ग्लो प्लग. पुढे आलेल्या २७५ डीआयशी नाव जुळतं, इंजिन जुळत नाही, कारण डीआय म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन, डिझेल थेट सिलिंडरमध्ये फवारणारं. काउंटरवर जाऊन मी नुसतं ‘२७५ चं हेड गॅस्केट द्या’ म्हणालो आणि भलतंच गॅस्केट घेऊन घरी आलो. आता जुना भागच पिशवीत घालून नेतो.

करड्या रंगाचा छोटा फर्ग्युसन असेल तर नंबरच्या आधीची अक्षरं बघा. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला १९४६ ते १९५६ या दहा वर्षांत हे पाच लाखांवर बनले. टीईए म्हणजे पेट्रोलवरचा, टीईडी रॉकेलसारख्या हलक्या तेलावरचा, टीईएफ डिझेलवरचा. टीईडी असेल तर टाकीत नुसतं डिझेल ओतून बसू नका! तो पेट्रोलवर सुरू करतात आणि गरम झाला की दुसऱ्या तेलावर घेतात. थंड असताना लवकर बदललं तर न जळलेलं तेल लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळकांड्याच्या, कडेने खाली उतरून सम्पमधलं, इंजिनाखालच्या भांड्यातलं, ऑइल पातळ करतं. अशा ट्रॅक्टरची ऑइलपट्टी काढून वास घ्या. रॉकेलचा वास आला तर बेअरिंग तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. मॅसी ३५ मध्ये बहुधा पर्किन्सचं तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन असतं आणि त्याचे भाग मिळवणं सर्वांत सोपं. १९५९ मध्ये फरिदाबादला बनू लागलेल्या आयशरचं इंजिन हवेवर थंड होतं. म्हणजे या लेखात पुढे येणारा रेडिएटरचा भाग आयशरवाल्यांनी वगळावा, त्याऐवजी सिलिंडरच्या पात्यांमधली माती काढावी.

कागद याच टप्प्यावर. आरसी बुक आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील तर मालकी बदलायला फॉर्म ३१ लागतो. विकत घेतलेला असेल तर २९ आणि ३०. ट्रॅक्टरची पहिली नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी फॉर्म २५ वर नूतनीकरण. नंबर एमएच-१२ च्या आधीचा, एम पासून सुरू होणारा तीन अक्षरी असेल तर आरटीओत जास्त खेपा होतात, हे धरून चाला. कागद नसलेलं यंत्र स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नका. शेतात चालेल, रस्त्यावर येणार नाही.

उघड्यावर पडलेलं, आत काय गेलंय

आजोबा सायलेन्सरवर डालड्याचा डबा पालथा घालत. डबा गंजून पडला त्या वर्षापासून पाऊस थेट मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरना जोडणाऱ्या नळीत. उभ्या सायलेन्सरच्या ट्रॅक्टरचं हे दुखणं ठरलेलं: एखादा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतो आणि पाणी नेमकं त्याच सिलिंडरमध्ये उतरतं. दुसरी वाट एअर क्लीनरची. ऑइल बाथच्या वाटीत आमच्याकडे काळा चिखल, त्यात कागदाचे कपटे, म्हणजे उंदरांचं घर. गोठ्यातल्या कामाला हातमोजे आणि टॉर्च लागतोच. सीटखाली आणि रेडिएटरच्या जाळीमागे आधी काठी फिरवा, घोणस आपली वाट बघत बसलेली नसावी.

मग ऑइल काढा, पण एका झटक्यात नाही. ड्रेन बोल्ट दोन आटे ढिला करून रात्रभर ठेवा. पाणी जड, ते तळाशी असतं, थेंबथेंब आधी तेच बाहेर येतं. मागच्या घरातलं, म्हणजे गिअरबॉक्स आणि हायड्रोलिकचं तेलही तसंच. ताकासारखं पांढरट आलं तर पाणी मिसळलंय. आमच्याकडे मागच्या घरातून दोन लिटर पाणी निघालं, गिअर लिव्हरचं रबरी बूट फाटलेलं. इंजिनाचा सम्प शक्य असेल तर खोलाच. तळाशी शेणासारखा गाळ बसलेला असतो आणि नवं ऑइल त्याला सोडवून थेट पंपाच्या जाळीवर नेऊन बसवतं. फ्लशिंग ऑइलचा डबा हा त्याचा पर्याय नाही, उलट गाळ जलद सुटतो.

इंजिन फिरतंय का

इथे सेल्फ नाही, दोर नाही, उतार नाही. हाताने.

टॅपेट कव्हर काढा. इंजेक्टर काढा, पेट्रोलवरचा असेल तर प्लग. प्रत्येक सिलिंडरमध्ये अर्धी वाटी मिश्रण ओता: निम्मं डिझेल, निम्मं एटीएफ, म्हणजे पॉवर स्टिअरिंगमध्ये घालतात ते लाल तेल. रॉकेल आणि इंजिन ऑइलही चालतं. भोकांवर चिंध्या दाबा आणि घरी जा. पुढच्या शनिवारी बघा. एखाद्या सिलिंडरमधलं तेल उतरलेलं असेल, एखाद्यात तसंच असेल. तसंच असलेला तो अडकलेला. पुन्हा ओता.

दरम्यान व्हॉल्व्हकडे लक्ष. प्रत्येक स्प्रिंगच्या टोकावर लाकडी हातोडीने हलकं ठोका. खाली जाऊन लगेच वर आला तर मोकळा. खाली गेला आणि तिथेच राहिला तर अडकलेला, त्याच्या दांड्यावर तेल सोडत, ठोकत, दोन-तीन दिवस घ्या. पिस्टन वर असेल तर फार खाली ठोकू नका, व्हॉल्व्ह त्यावर आपटतो.

आता पुढच्या पुलीच्या नटावर लांब दांड्याचा पान्हा. पूर्ण फेरा मारायचा नाही. दोन बोटं पुढे, दोन बोटं मागे, असं झुलवत राहायचं. जिथे अडेल तिथून परत. आमचा दुसऱ्या शनिवारी हलला, आवाज असा की जुन्या दाराची कडी निघावी. पान्ह्याला नळी जोडून ताकद वाढवावीशी वाटते. वाटू द्या. त्या जोराने पिस्टनच्या रिंगा तुटतात आणि तुटलेली रिंग लायनरवर रेघ ओढते. तीन-चार आठवड्यांत तसूभरही हललं नाही तर हेड काढायचं, त्यात कमीपणा नाही.

मोकळं झाल्यावर इंजेक्टरची भोकं उघडीच ठेवून सेल्फने फिरवा. तोंड भोकांसमोर ठेवू नका, आतलं तेल पिचकारीसारखं उडतं. ऑइल गेजचा काटा उठेपर्यंत, दहा सेकंदांचा एकेक झटका आणि मध्ये विश्रांती. काटा उठत नसेल तर पुढचं काही करू नका. ऑइल पंप कोरडा असतो, त्याच्या नळीत ऑइल भरून पुन्हा प्रयत्न करा.

बॅटरी जोडताना एक फसवणूक आहे. फर्ग्युसनसारख्या जुन्या ब्रिटिश ट्रॅक्टरांत प्लस बॉडीला जोडलेला असतो, आपल्या सवयीच्या उलट. जुन्या बॅटरीचा कुठला पट्टा चेसिसला जातो ते तुमच्या पन्नास फोटोंत असेलच. आणि ग्लो प्लग एकामागोमाग जोडलेले असतील तर एक जळला की चारही थंड, माळेतल्या दिव्यांसारखे.

डिझेलची वाट

टाकी उतरवा. जुन्या डिझेलला वार्निशसारखा वास येतो, तळाशी तपकिरी जेली असते. टाकीत मूठभर बारीक खडी आणि दोन लिटर डिझेल घालून पोरांना खेळवायला द्या, खरंच, आमच्या पुतण्यांनी अर्धा तास हलवून आतला गंज काढला. खडी मोजून घाला, मोजून काढा. पेट्रोलवरच्या टाकीशी हा खेळ नको.

इंजेक्शन पंप आणि नोजल मात्र घरी खोलू नका. पंप-नोजलवाल्याकडे टेस्ट बेंच असतो, त्याच्याकडेच द्या. या सगळ्या कामात माझा सर्वांत योग्य खर्च तोच झाला. पंपातला डिझेलचं माप ठरवणारा रॅक किंवा मीटरिंग व्हॉल्व्ह उघड्या जागी चिकटला असेल तर इंजिन सुरू होतं आणि मग बंद होत नाही. आवाज चढत जातो, चढतच जातो. म्हणून पहिल्या स्टार्टला हवेच्या नळीचं तोंड मोकळं ठेवा आणि एक माणूस त्याच्यापाशी जाड फळी घेऊन उभा करा. इंजिन पळालं की फळी तोंडावर दाबायची, हवा तुटली की इंजिन मरतं. हात ठेवायचा नाही आणि पोतं तर नाहीच, पोतं आत ओढलं जातं. बंद करण्याची दोरी आधी हाताने ओढून बघा, पंपावरचा दांडा खरंच सरकतोय ना.

डिझेलच्या नळ्यांत अडकलेली हवा, म्हणजे एअर, काढण्याचा क्रम टाकीकडून इंजिनाकडे. फिल्टर नवे, काचेची वाटी असेल तर धुतलेली. फिल्टरवरचा बोल्ट ढिला, फीड पंपाचा हातखटका मारत राहा, बुडबुडे थांबून सलग धार आली की बोल्ट बंद. मग इंजेक्शन पंपावरचा बोल्ट, तसंच. शेवटी इंजेक्टरचे नट अर्धा आटा ढिले, सेल्फ मारा, डिझेल पाझरलं की आवळा. गळती शोधायला तिथे बोट नेऊ नका. त्या दाबाचं डिझेल कातडीच्या आत शिरतं. वर टाचणीएवढं भोक दिसतं आणि आत हात सडतो. असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच तासाला दवाखाना.

पाणी, आणि पहिला धूर

रेडिएटर उलट्या बाजूने धुवा, खालून पाणी सोडा, वरून गाळ येईल. विहिरीचं जड पाणी भरून आतमध्ये क्षाराचा थर बसलेला असतो. नंतर पावसाचं किंवा बॅटरीचं पाणी आणि कूलंट. रबरी नळ्या सगळ्या नव्या, पट्टा नवा.

सीटवर बसून सुरू करायचं. जमिनीवर उभं राहून, हात लांबवून सेल्फ मारायचा नाही. जुन्या यंत्रांत गिअरमध्ये असताना सेल्फ अडवणारी सोय असेलच असं नाही, ट्रॅक्टर अंगावर येतो. ग्लो प्लगच्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे मारू नका. तापलेल्या प्लगवर तो मॅनिफोल्डातच पेटतो.

पहिला धूर पांढरा असणार, न जळलेलं डिझेल आणि दमटपणा. पाच मिनिटांत विरळ व्हायला हवा. पांढरा राहिला आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. निळा म्हणजे ऑइल जळतंय. चिकटलेल्या रिंगा काही तास काम केल्यावर सुटतात, त्यामुळे निळ्या धुराला महिनाभर मुदत द्या. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, एअर क्लीनरकडे परत जा. ऑइलचा काटा दहा सेकंदांत उठला नाही तर बंद. आमचा सुरू झाला तेव्हा आजी ओसरीवरून म्हणाली, ‘आवाज बारीक झालाय याचा.’ तिचं बरोबर होतं, एका सिलिंडरचा इंजेक्टर फवारत नव्हता.

क्लच दाबूनही गिअर पडत नसेल तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली आहे. पेडल दाबून बाभळीची पाचर मारून आठवडाभर ठेवा. बहुतेकदा इंजिन गरम झाल्यावर सुटते. नाहीच सुटली तर ट्रॅक्टर मधून फोडावा, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करावे लागतात, ते मिस्त्रीवर सोपवा.

भाग कुठे

बुधवारी आणि रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात सकाळी लवकर गेलं तर जुने मीटर, दिवे, पितळी नळ, ब्रिटिश मापाचे पान्हे मिळतात. ते पान्हे घ्याच. जुन्या इंग्रजी नटांवर मिलिमीटरचा पान्हा घसरतो आणि कोपरे गोल होतात. न मिळणारा बुश किंवा पिन भोसरीतला कुठलाही चांगला लेथवाला नमुन्यावरून करून देतो. खडकीत १९४६ पासून ऑइल इंजिनं बनताहेत, अशा गावात डिझेल ओळखणारे हात कमी पडत नाहीत. रबरी सील मात्र जुने वापरू नका, दिसायला कितीही चांगले असले तरी. नवे सील माप सांगून मिळतात, मापं त्यांच्या कडेवर छापलेली असतात.

रंगाचा प्रश्न सगळे पहिल्या दिवशी विचारतात. मी तो शेवटी ठेवला आणि मग रंगवलाच नाही. डाव्या मडगार्डवर जिथे आजोबांचा हात टेकायचा तिथे रंग झिजून पत्रा चकचकीत झालाय. गंज थांबवायला डिझेल आणि ऑइलचा हात पुरतो.

शेतात

आधी ब्रेक. दोन्ही पेडल कडीने जोडून, सपाट रस्त्यावर, दुसऱ्या गिअरमध्ये. एका बाजूला ओढत असेल तर रस्त्यावर नेऊ नका.

ओढायची साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारला, म्हणजे ओढण्यासाठीच्या पट्टीला. मागच्या एक्सलच्या वर, सीटखाली किंवा टॉप लिंकच्या, म्हणजे जोडणीतल्या वरच्या दांडीच्या, जागी बांधली तर पुढची चाकं उचलली जातात आणि ट्रॅक्टर मागे उलटतो, सावरायला वेळ मिळत नाही. हे जुनंच दुखणं आहे. १९१७ मध्ये आलेला फोर्डसन लाखोंनी खपला, पण मागचा नांगर दगडात अडकला की तो पुढून उभा राहायचा आणि चालक खाली सापडायचा. हॅरी फर्ग्युसनने तीन दांड्यांच्या जोडणीने नांगर ट्रॅक्टरचाच भाग केला. नांगर अडला की वरची दांडी ट्रॅक्टरचं नाक खाली दाबते. १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसनने ही जोडणी सर्वदूर नेली, आणि आज पुणे जिल्ह्यातल्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागे तीच आहे. जोडणी तपासताना दांड्या पूर्ण वर उचलून इंजिन बंद करा. पाच मिनिटांत खाली बसल्या तर सिलिंडरचा सील गेला आहे.

नांगरायला वाफसा हवा. मातीचा गोळा करून कमरेइतक्या उंचीवरून सोडा. फुटला तर जा, चपटा झाला तर चार दिवस थांबा. काळ्या रानातली हरळी आणि कुंदा मुळासकट उपटायला पूर्वी आठ-आठ बैल नांगराला जुंपत. मध्य भारतातल्या अशाच कांस गवताची रानं मोकळी करायला ट्रॅक्टर हवे होते म्हणून भारताने १९४९ मध्ये जागतिक बँकेकडून १ कोटी डॉलरचं कर्ज घेतलं होतं. खोल नांगरट हेच या यंत्रांचं मूळ काम, आणि ३५ हॉर्सपॉवरला दोन फाळांचा नांगर झेपतो. रोटावेटर लावायचा मोह आवरा. सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरवर क्लच दाबला की पीटीओ, म्हणजे मागचं अवजार फिरवणारा शाफ्ट, तोही थांबतो, प्रत्येक वळणावर सगळा भार क्लचवर येतो आणि दोन हंगामांत प्लेट संपते. पीटीओला काही जोडलंच तर शाफ्टवर झाकण हवं. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. पदर किंवा उपरणं त्यात गेलं तर माणूस सोडवायला वेळच नसतो.

काम झाल्यावर उभा करताना जमिनीवर लाकडी ठोकळे आणि त्यावर चाकं, नांगर खाली टेकवलेला, बॅटरीचा एक पट्टा काढलेला, क्लचला पाचर, सायलेन्सरवर डबा. दर पंधरा दिवसांनी अर्धा तास चालवायचा, पाण्याचा काटा मधोमध येईपर्यंत. दोन मिनिटं सुरू करून बंद केला तर आत दमटपणा साचतो, त्यापेक्षा सुरू न केलेला बरा.